चार फायली, एक सूची : प्रकल्प नोंदी

३ मार्च

आज काम हातात आलं. एका ग्रंथसंग्रहाची सूची वेगवेगळ्या काळात चार जणांनी आपापल्या पद्धतीने टंकली आहे. चार सीएसव्ही फायली, म्हणजे स्वल्पविरामासारख्या चिन्हाने रकाने वेगळे केलेला साधा मजकूर. त्यांतल्या दुबार नोंदी काढून एकच सूची करायची. हे काम करणारी एक जुनी पायथन स्क्रिप्ट आहे, वरपासून खालपर्यंत सलग लिहिलेली. ती चालते, पण तिच्यावर कुणाचा भरवसा नाही, कारण आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या नोंदींचा ताळमेळ लागत नाही.

सगळं नव्याने लिहून काढावं असं पहिल्याच तासात वाटलं. ते आवरलं. जुनी स्क्रिप्ट जे करते त्यातलं चूक काय आणि मुद्दाम केलेलं काय, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून आधी प्रत्येक फायलीतून थोड्या ओळींचा नमुना काढला, त्यावर स्क्रिप्ट चालवली आणि आलेलं आउटपुट जसंच्या तसं रेपॉझिटरीत (कोड आणि त्याचा इतिहास राहतो तिथे) ठेवलं. पायटेस्ट या चाचणी-साधनातली पहिली टेस्ट एवढंच पाहते की आजचं आउटपुट त्या ठेवलेल्या फायलीशी अक्षरशः जुळतं का. ठेवलेलं आउटपुट बरोबर आहे असा माझा दावा नाही. वागणूक बदलली तर ते मला कळलं पाहिजे. मुद्दाम काही बदललं, तर ती फाइल वेगळ्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदलायची आणि कारण तिथेच लिहायचं, असं ठरवलं.

पायथन ३.१२, आणि शक्यतो फक्त स्टँडर्ड लायब्ररी. पांडाज ही तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी घेतली नाही. इथे आकडेमोड जवळपास नाहीच. प्रत्येक ओळीबद्दल ती का घेतली किंवा का टाकली हे सांगता यायला हवं, आणि त्यासाठी ओळीगणिक चालणारा साधा कोड मला जास्त वाचनीय वाटतो.

५ मार्च

पूर्ण दिवस फक्त फायली वाचण्यात गेला. एका फायलीत ‘क्रमांक’ हा स्तंभ डोळ्यांना दिसत होता आणि कोड मात्र की-एरर (असं नाव सापडत नाही) देत होता. प्रिंट करून काहीच कळेना. लपलेली चिन्हंही दाखवणारं रेप्र वापरून छापलं तेव्हा दिसलं की शब्दाच्या आधी यू+एफईएफएफ हे न दिसणारं चिन्ह चिकटलेलं आहे. स्प्रेडशीटमधून साठवलेल्या यूटीएफ-८ फायलींच्या सुरुवातीला ते बऱ्याचदा असतं. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची रीत) म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ दिलं की ते वाचतानाच गळतं, आणि ते नसलेली फाइलही नीट वाचली जाते.

जुन्या स्क्रिप्टमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दिलेलंच नव्हतं. तसं केलं की पायथन संगणकाच्या लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून) ते ठरवतं. माझ्याकडे चाललेली स्क्रिप्ट सहकारीच्या विंडोजवर का पडत होती, ते यातच होतं. पेप (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) ६८६ प्रमाणे आवृत्ती ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरेल, आपण ३.१२ वर आहोत, तेव्हा प्रत्येक ओपनला एन्कोडिंग लिहायचंच. ३.१० पासून पायथनला एक पर्याय देता येतो, ज्याने एन्कोडिंग न दिलेल्या जागांवर इशारा मिळतो. तो टेस्ट चालवताना सुरू ठेवला आहे.

दुसरी सापडलेली गोष्ट: शीर्षकात स्वल्पविराम आहे, पण भोवती अवतरणचिन्हं नाहीत. अशा ओळीत एक रकाना जास्त होतो आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. लेखकाच्या जागी अर्धं शीर्षक, वर्षाच्या जागी प्रकाशक. ओळी वाचणारा पायथनचा डिक्ट-रीडर यावर तक्रार करत नाही; उरलेला रकाना ‘नन’ (काहीच नाही) या किल्लीखाली ठेवून पुढे जातो. म्हणजे ओळीत ‘नन’ ही किल्ली दिसली की ती ओळ संशयास्पद. ही तपासणी एका ओळीची आहे आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये ती नव्हती.

८ मार्च

आजचा निर्णय सगळ्या प्रकल्पाचा कणा ठरेल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या कोडमध्ये नोंद म्हणजे एक डिक्शनरी, किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांचा संग्रह. वाचणाऱ्या फंक्शनपासून लिहिणाऱ्या फंक्शनपर्यंत तीच फिरते आणि वाटेत जो तो तिच्यात भर घालतो. आज शोधून पाहिलं तर प्रकाशनवर्षासाठी तीन वेगवेगळ्या किल्ल्या सापडल्या. त्यातली एक उघडच टंकनातली चूक. डिक्शनरीत चुकीच्या नावाने किंमत ठेवली तर नवी किल्ली तयार होते. ‘गेट’ वापरून चुकीच्या नावाने वाचली तर ‘नन’ मिळतं. दोन्ही वेळा प्रोग्राम गप्प राहतो. अशा भाषेत लिहिताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं: कुठलीही वस्तू कुठेही पाठवता येते, त्यामुळे वस्तूचा आकार कोणता हे आपण लिहून ठेवलं नाही तर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून ‘नोंद’ हा डेटाक्लास, म्हणजे ठरलेल्या नावांच्या रकान्यांचा साचा, केला. डेटाक्लास पायथन ३.७ मध्ये आले. फ्रोझन ठेवला, म्हणजे एकदा बनल्यावर कुणी त्यात बदल करू शकत नाही. आता चुकीच्या नावाने वाचलं तर ॲट्रिब्यूट-एरर येते, चुकीच्या नावाने बनवायला गेलं तर टाइप-एरर. चूक जिथे झाली त्याच ओळीवर दिसते.

पण डेटाक्लास टाइप (किंमत कोणत्या प्रकारची ते) तपासत नाही. वर्षासमोर इंट (पूर्णांक) लिहिलं आणि मजकूर दिला, तरी तो निमूट घेतो. टाइप हिंट चालत्या प्रोग्रामला बांधत नाहीत. त्या वाचणाऱ्यासाठी आणि मायपायसारख्या तपासनीसासाठी आहेत. मायपाय बसवलं. तरीही सीएसव्हीतून काय येणार हे मायपायला कसं कळणार? तिथून सगळा मजकूरच येतो. तेव्हा कच्च्या ओळीतून ‘नोंद’ बनवण्याचं काम एकाच फंक्शनकडे दिलं. सगळा संशय त्या एका दारात. दाराच्या आत जी ‘नोंद’ आली ती नीट आहे असं बाकीच्या कोडने धरून चालायचं, आणि पुन्हा पुन्हा ‘हे रिकामं तर नाही ना’ असं विचारत बसायचं नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये अशा तपासण्या जागोजागी विखुरल्या होत्या आणि दोन ठिकाणी एकमेकींच्या विरोधात होत्या.

९ मार्च

दारातलं पहिलं भांडण वर्षाशी. फायलींमध्ये ‘1987’ आहे, ‘१९८७’ आहे, ‘१९८७-८८’ आहे, ‘सु. १९६०’ आहे, आणि रिकामे रकाने आहेत.

देवनागरी अंकांसाठी मी रूपांतराचं कोष्टक लिहायला घेतलं होतं. गरज नव्हती. पायथनचं इंट ‘१९८७’ सरळ घेतं आणि १९८७ हीच संख्या देतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुने शोधण्याच्या भाषेतला) अंकांचा संक्षेपही देवनागरी अंक ओळखतो. शून्य ते नऊ असा इंग्रजी अंकांचा पल्ला लिहिला तर मात्र ओळखत नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये तसाच पल्ला होता, आणि देवनागरीत वर्ष लिहिलेल्या सगळ्या नोंदी तिथे वर्षाविना पुढे जात होत्या. आणखी एक जागा जपण्याची: मजकूर अंकांचाच आहे का हे विचारायला ‘इझ-डिजिट’ वापरलं, तर ते वर लिहिलेल्या घाताच्या दोनलाही होकार देतं आणि मग इंट पडतं. ‘इझ-डेसिमल’ हवं.

माहीत नसलेल्या वर्षाला जुना कोड शून्य देत होता. त्यामुळे वर्षानुसार लावलेल्या यादीत सर्वांत आधी हीच पुस्तकं, जणू ती सगळ्यांत प्राचीन. आता वर्ष म्हणजे ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘अंदाजे’ असा छोटा वेगळा डेटाक्लास. ठाऊक नसेल तर ‘नन’. आणि तपासताना ‘इझ नन’ असंच स्पष्ट लिहायचं. नुसतं ‘इफ वर्ष’ लिहिलं की शून्य, रिकामा मजकूर आणि ‘नन’ एकाच दावणीला बांधले जातात.

११ मार्च

ताळमेळ न लागण्याचं कारण सापडलं. मुख्य लूपमध्ये एररचं नाव न देता एक्सेप्ट (एरर पकडा) आणि त्याखाली पास (काहीच करू नका). ओळीत काहीही बिघडलं की ती गायब. शिवाय असं उघडं एक्सेप्ट कीबोर्डवरून थांबवण्याची खूणही गिळतं. कंट्रोल-सी दाबूनही स्क्रिप्ट का थांबत नाही याबद्दल सहकारी वैतागलेली होती ते यामुळे.

आता न घेतलेली प्रत्येक ओळ वेगळ्या फायलीत जाते: मूळ फायलीचं नाव, ओळ क्रमांक, कारण, आणि मूळ मजकूर जसाच्या तसा. ओळ क्रमांक रीडरच्या लाइन-नम मधून घ्यायचा. लूपमध्ये आपण मोजलेला चालत नाही, कारण अवतरणात असलेल्या रकान्यात नवी ओळ असू शकते आणि मग एक नोंद दोन-तीन ओळींवर पसरते. शेवटी एक तपासणी: घेतलेल्या अधिक नाकारलेल्या बरोबर वाचलेल्या. जुळलं नाही तर प्रोग्राम एररने थांबतो आणि काहीही लिहीत नाही.

१४ मार्च

दुबार नोंदी ओळखताना आज अडकलो. दोन नोंदी, शीर्षकात ‘ताऱ्यांचा’ हा शब्द, स्क्रीनवर हुबेहूब सारख्या. पायथन म्हणतं वेगळ्या. लांबी मोजली तर एकाची दुसऱ्यापेक्षा एकने जास्त. युनिकोडडेटा मॉड्यूलने एकेका चिन्हाचं नाव छापलं. एका नोंदीत ‘ऱ’ हे एकच चिन्ह आहे, यू+०९३१. दुसरीत साधा ‘र’ आणि त्याच्यामागे वेगळा नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), यू+०९३०, यू+०९३सी. युनिकोडच्या दृष्टीने हे दोन्ही समान मानायचे आहेत, आणि एनएफसी हे सामान्यीकरण (समान अक्षरं एकाच रूपात आणणं) केलं की दुसरं पहिल्यासारखं होतं. फंक्शन लिहिलं, टेस्ट लिहिली, हायसं वाटलं.

दुपारनंतर तिसऱ्या फायलीत तोच शब्द पुन्हा वेगळा निघाला. तिथे ‘र’, हलन्त, आणि मग यू+२००डी, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह. ऱ्य असा अर्धा र टंकण्याची ही जुनी रीत. एनएफसी याला हात लावत नाही.

पटकन सुचलेला उपाय म्हणजे ती न दिसणारी जोडचिन्हं सरसकट काढून टाकणं. इंटरनेटवरच्या कितीतरी तयार कोडमध्ये तेच केलेलं असतं. करून पाहिलं आणि टेस्टच्या यादीत ‘दऱ्या’ हा शब्द घातला होता म्हणून वाचलो. या रीतीने टंकलेल्या ‘दऱ्या’मधलं जोडचिन्ह काढलं की उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! म्हणजे हे चिन्ह कचरा नाही, त्यात अर्थ आहे. बरोबर नियम असा की ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचं, त्यानंतर एनएफसी. इतर जोडाक्षरांतल्या जोडचिन्हांना तूर्त हात लावलेला नाही. तिथे ते फक्त अक्षर कसं दिसावं एवढंच ठरवतं, म्हणून तुलनेपुरतं काढायला हरकत नसावी, पण उदाहरणं पाहूनच.

यातूनच दोन रकाने वेगळे केले. ‘शीर्षक’ जसं टंकलं तसं राहील, त्यात कोड काहीही बदलणार नाही. ‘जुळवणी-किल्ली’ वेगळी, फक्त तुलनेसाठी, आणि ती बनवणारं फंक्शन एकच. उद्या नियम चुकीचा निघाला तर किल्ल्या पुन्हा बनवता येतील. मूळ शीर्षकच बदलून ठेवलं असतं तर परत जाण्याची वाट राहिली नसती.

एक बारकावा स्वतःसाठी: एनएफसीनंतर मजकूर नेहमी आखडतोच असं नाही. क़, ख़ या गटातली नुक्त्याची अक्षरं, यू+०९५८ ते यू+०९५एफ, एनएफसीत उलट सुटी होतात.

१५ मार्च

नावांबद्दल छोटा प्रयोग. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात, पेप ३१३१ पासून. ‘नोंद’, ‘किल्ली’ अशी नावं वाचायला फार छान वाटतात, म्हणून एक मॉड्यूल तसं लिहून पाहिलं. मग लक्षात आलं की कालचं तेच जोडचिन्ह नावात आलं तर पायथन सिंटॅक्स-एरर देतं, आणि कोणाचा कीबोर्ड ते कधी घालेल याचा नेम नाही. कोडमधली नावं रोमन लिपीत, पण शब्द सूचीकारांचेच ठेवले. डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली माहिती) आणि एररचे संदेश मराठीत. नाकारलेल्या ओळींची फाइल सूचीकार वाचणार आहेत. त्यांना कारण त्यांच्याच भाषेत कळलं पाहिजे.

१९ मार्च

पूर्ण फायलींवर पहिल्यांदा चालवलं. फारच हळू. माझा संशय सामान्यीकरणाच्या फंक्शनवर होता आणि त्याला कॅश लावायला (आलेली उत्तरं साठवून ठेवायला) निघालो होतो. त्याआधी वेळ कुठे जातो ते मोजणारं सी-प्रोफाइल चालवलं. वेळ जवळजवळ सगळा नोंदींच्या समानतेच्या तुलनेत जात होता. सामान्यीकरण यादीत कुठल्या कुठे खाली. आलेली नोंद आधीच्या यादीत आहे का हे मी ‘इन’ने विचारत होतो, आणि लिस्टमध्ये ‘इन’ म्हणजे पहिल्यापासून एकेक पाहत जाणं. दहा हजार वेगळ्या नोंदी असतील तर जवळपास ५ कोटी तुलना.

जुळवणी-किल्लीवर सेट (दुबार न ठेवणारा, झटकन शोधणारा संग्रह) केला आणि काम काही सेकंदांत आलं. पण मग पहिल्या दिवसाची टेस्ट कधी पास, कधी नापास. तेच इनपुट, तोच कोड, आउटपुटचा क्रम दर वेळी वेगळा. मजकुराचे हॅश (सेट ज्यांच्या आधारे शोधतो ते आकडे) पायथन ३.३ पासून प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना वेगळ्या बीजाने काढले जातात, त्यामुळे सेटमधून बाहेर येण्याचा क्रम भरवशाचा नसतो. डिक्शनरी मात्र ३.७ पासून घातलेला क्रम पाळण्याची हमी देते. सेटऐवजी किल्ली ते नोंदींची लिस्ट अशी डिक्शनरी ठेवली. वेग तोच, क्रम स्थिर, आणि कुठल्या नोंदी एकत्र आल्या तेही जवळ राहतं. ही टेस्ट नसती तर हा दोष मला कधीच दिसला नसता.

२२ मार्च

रिव्ह्यू. मी ‘वाचक’ नावाचा पायाभूत क्लास आणि त्याचे चार उपक्लास केले होते, प्रत्येक फायलीला एक. सहकारीने विचारलं, या चौघांत नेमका फरक काय? मी सांगायला लागलो आणि सांगता सांगताच कळलं. तीन फायलींत फरक फक्त स्तंभांच्या नावांचा आणि विभाजक चिन्हाचा. तो माहितीचा फरक आहे, वागण्याचा नाही. त्यासाठी एक कोष्टक आणि एक फंक्शन पुरतं. चौथी फाइल खरोखर वेगळी, तिच्यात एका ओळीत दोन खंडांच्या नोंदी आहेत. तिच्यासाठी एक वेगळं फंक्शन. चार क्लास आणि पाया काढून टाकला. कोड निम्म्याहून कमी झाला, आणि नवी फाइल आली तर कोष्टकात एक भर.

तिचं दुसरं म्हणणं मला आधी पटलं नव्हतं. ते कोष्टक वेगळ्या कॉन्फिग फायलीत नेऊ या असं मी म्हणत होतो. ती म्हणाली, हे बदलणार कोण? आपणच. मग पायथनच्या मॉड्यूलमध्ये राहू दे, मायपाय तपासेल, टेस्ट चालतील. संध्याकाळपर्यंत विचार केला. तिचंच बरोबर आहे.

२४ मार्च

वाचणारं फंक्शन जनरेटर होतं, मागेल तशी एकेक नोंद देणारं. नोंदी मोजण्यासाठी मी त्यावर एक फेरी मारली आणि पुढे लिहायला काहीच उरलं नाही. जनरेटर एकदाच वाहतो. एरर नाही, रिकामी फाइल. अकरा तारखेच्या ताळमेळाने पकडलं. सगळ्या नोंदी मेमरीत सहज मावतात, तेव्हा फंक्शन आता लिस्ट परत करतं. मोठ्या डेटासाठी जनरेटर उत्तम. इथे तो मी गरजेपेक्षा सवयीने वापरला होता.

२७ मार्च

लिहिताना मधेच प्रोग्राम थांबला तर अर्धवट सूची मागे राहू नये. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहायचं, फाइल बंद करायची, मग ओएस-रिप्लेसने खऱ्या नावावर न्यायचं. फोल्डर तोच ठेवायचा, कारण दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असेल तर हे नाव बदलणं अडू शकतं. प्रिंटच्या जागी लॉगिंग.

२ एप्रिल

जुनी स्क्रिप्ट रेपॉझिटरीतून काढली. सहकारीने तिच्या विंडोजवर आणि मी लिनक्सवर, दोघांचं आउटपुट बाइटन् बाइट सारखं आलं. वाचलेल्या नोंदींचा हिशेब चारही फायलींसाठी जुळतो.

नाकारलेल्या ओळींची फाइल सूचीकारांकडे दिली. सरकलेले रकाने त्यांनी पाहताक्षणी ओळखले आणि पहिल्या पानावरच्या बऱ्याच ओळी तासाभरात दुरुस्त केल्या. एक जोडी मात्र उरली आहे. लेखक एक, वर्ष एक, पृष्ठसंख्या एक. एका फायलीत शीर्षकात ‘दऱ्या’, दुसरीत ‘दर्या’. किल्ल्या वेगळ्या, म्हणून कोडने त्या वेगळ्याच ठेवल्या. टंकणाऱ्याची चूक की खरोखर दोन पुस्तकं, हे पुस्तक कपाटातून काढून मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय ठरणार नाही. सूचीकार उद्या पाहून सांगणार आहेत.